तळमजल्याची खोली मिळाली, पण राहता येईना: वसतिगृहातल्या एका मागणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहातलं आहे. विद्यापीठ, शहर किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. विद्यार्थिनीला मीनल म्हणू.

मीनलने पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तेव्हा ती 22 वर्षांची होती. काही वर्षांपूर्वीच्या अपघातात मणक्याला इजा झाल्यामुळे तिला कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. हात आणि खांदे मात्र मजबूत आहेत. सपाट जागेवर ती चाकाची खुर्ची स्वतः चालवते. कॉट आणि खुर्ची यांच्या उंचीत फार फरक नसेल तर कॉटवरून खुर्चीत कोणाच्या मदतीशिवाय सरकते. दर चार ते सहा तासांनी तिला कॅथेटर (मूत्राशयात घालायची बारीक नळी) वापरून लघवी करावी लागते. सकाळच्या शौचाला पाऊण ते एक तास लागतो, आणि आंघोळ कमोड-खुर्चीवर बसून होते. यातली शेवटची दोन कामं आटोपताना तिला दुसऱ्या माणसाची मदत लागते.

तिच्याकडे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र होतं आणि प्रवेशही दिव्यांगांच्या 5 टक्के राखीव जागांतून मिळालेला होता. म्हणजे ती खुर्ची वापरते हे विद्यापीठाला प्रवेशाच्या दिवसापासून माहीत होतं. पण प्रवेश विभागाची माहिती वसतिगृहाच्या कार्यालयापर्यंत आपोआप पोचत नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे, संगणकप्रणाली वेगळ्या, बाबू वेगळे. बहुतेक विद्यापीठांत असंच असतं, आणि पुढच्या बऱ्याचशा घोळाचं मूळ इथेच आहे.

अडचण

वसतिगृहाच्या ऑनलाइन अर्जात 'दिव्यांग: होय/नाही' असा एकच रकाना होता. मीनलने 'होय' केलं, प्रमाणपत्र जोडलं आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'कृपया तळमजल्यावर खोली मिळावी.' पहिल्या वाटप यादीत तिला दुसऱ्या मजल्यावरची खोली आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. वडील रेक्टर मॅडमना जाऊन भेटले. मॅडमनी त्याच दिवशी एका मुलीशी अदलाबदल करून तळमजल्यावरची खोली दिली आणि आपल्या परीने प्रश्न मिटवला.

मुक्कामाला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की खोलीत जाता येतं, पण राहता येत नाही.

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, जोतं साधारण 450 मिलिमीटर उंच. आत खोलीपर्यंत वाट सपाट होती. संडास-बाथरूम मात्र सामायिक, व्हरांड्याच्या टोकाला. दारं अडीच फुटी. अडीच फूट म्हणजे 30 इंच, पण ते चौकटीचं बाहेरचं माप. चौकटीच्या दोन्ही बाजू आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा केली की मोकळी वाट जेमतेम 25 इंच उरते. मीनलची खुर्ची चाकांवरच्या कड्यांसकट 25 इंच रुंद. शिवाय व्हरांडा चार फुटी, त्यामुळे दारात सरळ शिरायला जागाच नव्हती. 42 इंच लांबीची खुर्ची तिथे काटकोनात वळवायची तर दार बरंच मोठं लागतं. आत भारतीय पद्धतीची भांडी, आणि बाथरूमचं पाणी बाहेर येऊ नये म्हणून दीड इंचाचा उंबरठा.

तळमजल्यावर 'दिव्यांगांसाठी' असा फलक लावलेलं एक स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली सफाई कामगारांच्या मुकादमाकडे, आणि आत बादल्या, झाडू, फिनेलचे कॅन, एक मोडका पंखा. नॅक ही उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही सुविधांबद्दल वेगळा निकष होता, आणि त्यासाठी विद्यापीठाने स्वतः सादर केलेल्या स्वयंअध्ययन अहवालात हेच स्वच्छतागृह फोटोसह दाखवलेलं होतं. पुढे ही गोष्ट फार कामाला आली.

आणखी दोन अडचणी दोन दिवसांनी कळल्या. रात्री साडेनऊनंतर मोठं फाटक बंद करून फक्त दिंडी दरवाजा उघडा ठेवत. त्याला खालून सहा इंचांची लोखंडी पट्टी. आणि नियमानुसार पालकांना अतिथी-खोलीत सलग दोनच रात्री राहता येत होतं. मीनलची आई तिसऱ्या दिवशी कुठे जाणार याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पहिला अर्ज का फसला

रेक्टर मॅडमनी जे मागितलं ते दिलं होतं, हे आधी मान्य करायला हवं. अर्जात तळमजला मागितला होता, तळमजला मिळाला. पहिल्या अर्जाने जागा मागितली. त्या जागेत काय-काय करता आलं पाहिजे हे सांगितलं नाही. प्रमाणपत्रावरची टक्केवारीही इथे काही सांगत नाही. 80 टक्के अस्थिव्यंग असलेल्या एखाद्याला कुबड्या घेऊन तीन पायऱ्या चढता येतात, आणि 60 टक्के असलेल्या दुसऱ्याला एकही चढता येत नाही. कार्यालयातल्या माणसाने टक्क्यांवरून दाराची रुंदी कशी ओळखायची?

दुसरी चूक पत्ता. अर्ज रेक्टरच्या नावे होता. रेक्टर खोली बदलू शकतात, वॉर्डनला सांगून किल्ली मिळवू शकतात. भिंत फोडणं, दार रुंद करणं, रॅम्प बांधणं यांचा अधिकार आणि पैसा विद्यापीठाच्या बांधकाम विभागाकडे असतो, आणि त्या विभागाला कुलसचिवांच्या मंजुरीशिवाय हलता येत नाही. तोंडी सांगून झालेली अदलाबदल फायलीत कुठेच नव्हती. विद्यापीठाच्या दृष्टीने मीनल अजून दुसऱ्या मजल्यावर राहत होती.

कायद्याने हातात काय होतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्यातली तीन-चार कलमं इथे थेट लागू होती. कलम 16 नुसार शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शिक्षणसंस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवायच्या आहेत आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. वाजवी सोय म्हणजे काय हे कलम 2 मध्ये सांगितलं आहे: त्या-त्या प्रकरणात आवश्यक आणि योग्य असे बदल, जे संस्थेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी भार टाकत नाहीत. त्याच कलमात भेदभावाची व्याख्या आहे आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात वाजवी सोयीचं हे तत्त्व सविस्तर मांडलं. प्रत्येक व्यक्तीची गरज वेगळी तपासायची, सरसकट नियम दाखवून नाही म्हणायचं नाही, हा त्याचा गाभा.

मापांसाठी केंद्र सरकारची सार्वत्रिक सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं (2021) आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी वेगळी सुलभता मानकं काढली आहेत. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, रॅम्पचा चढ 1:12 (1 मीटर उंचीला 12 मीटर लांबी) पेक्षा जास्त नको, खुर्ची फिरवायला 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा: या प्रकरणात एवढे तीन आकडे सतत लागले.

वर जायच्या वाटा दोन होत्या. एक, अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांखालची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील. दुसरी, पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. कायद्याप्रमाणे राज्य आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं अशा बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर संस्थेला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, शिफारस मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं.

समोर असलेले पर्याय

विद्यापीठाच्या समान संधी कक्षात एक बैठक झाली. मीनल, तिची आई, कक्षाच्या समन्वयक, रेक्टर मॅडम आणि बांधकाम विभागातले एक कनिष्ठ अभियंता. कनिष्ठ अभियंत्याला बोलावणं हा समन्वयकांचा निर्णय, आणि सगळ्या प्रकरणातला बहुधा सर्वांत उपयोगी. बैठक कार्यालयात न घेता व्हरांड्यात, टेप हातात धरून झाली.

पहिला पर्याय बाहेर भाड्याने खोली घेण्याचा. तो रेक्टर मॅडमनी सद्‌भावनेने सुचवला होता. पण परिसराबाहेर तळमजल्यावरचं, कमोड असलेलं, रुंद दारांचं घर मिळणं वसतिगृहापेक्षा अवघड आणि तिप्पट महाग. शिवाय वसतिगृह सोडल्यावर विद्यापीठाची जबाबदारी संपली असा अर्थ निघाला असता.

दुसरा पर्याय परिसराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं नवं वसतिगृह. लिफ्ट होती, खोलीला लागून स्वच्छतागृहही होतं. मात्र विभागापासून अंतर सव्वा किलोमीटरच्या वर, मध्ये मोठा चढ, आणि वीज गेली की लिफ्ट बंद, कारण जनरेटर फक्त दिव्यांना जोडलेला. मीनलने हा पर्याय स्वतः नाकारला. लिफ्टमध्ये अडकण्यापेक्षा, आग लागली तर वरच्या मजल्यावरून उतरता न येणं हे तिचं कारण होतं. अनेकदा अशा बैठकांत विद्यार्थ्याचं 'नको' हे हट्ट म्हणून नोंदवलं जातं. इथे ते कारणासह इतिवृत्तात आलं, म्हणून नंतर कोणी 'आम्ही दिलं होतं, तिनेच घेतलं नाही' असं म्हणू शकलं नाही.

तिसरा पर्याय विद्यापीठाच्या अतिथिगृहात तात्पुरता मुक्काम. तळमजला, कमोड, दार पुरेसं. रोजचा दर विद्यार्थ्याला परवडणारा नव्हता.

चौथा पर्याय आहे त्याच वसतिगृहात त्या कुलूपबंद स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि त्याला लागून असलेली खोली. ती खोली तेव्हा क्रीडासाहित्याची होती.

ठरलं असं की चौथा पर्याय कायमचा आणि तो होईपर्यंत तिसरा. तिसरा मान्य करण्यात धोका होता. तात्पुरती सोय एकदा लागली की कायमच्या कामाची फाइल थंड पडते. म्हणून समन्वयकांनी दोन अटी टिपणीतच घातल्या: अतिथिगृहात वसतिगृहाचंच शुल्क, आणि मुक्कामाची शेवटची तारीख. ती तारीख उलटली तर प्रकरण आपोआप कुलगुरूंपुढे जावं, असंही त्यात होतं.

दुसरा अर्ज

दुसरा अर्ज कुलसचिवांना होता. प्रती रेक्टर, बांधकाम विभाग आणि समान संधी कक्षाला. चारही ठिकाणी आवक क्रमांकासह शिक्का घेतला. अर्जात आजाराचं वर्णन अर्ध्या ओळीचं आणि बाकी सगळी कामांची यादी होती: रोज काय करते, कुठे अडतं, काय हवं. त्यातल्या काही ओळी अशा होत्या.

'रस्त्यावरून खोलीत स्वतः खुर्ची चालवत जाते. दाराशी तीन पायऱ्या आहेत. 1:12 चढाचा रॅम्प हवा.'

'दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा, स्वच्छतागृह वापरते. दाराची मोकळी वाट 900 मिमी, उंबरठा नको, दार बाहेर उघडणारं हवं. किल्ली माझ्याजवळ हवी.'

'कॉटवरून खुर्चीत स्वतः सरकते. खुर्चीची बैठक गादीसकट 20 इंच आहे. कॉट गादीसकट 17 इंच आहे.'

'सकाळी एक तास आणि रात्री झोपण्यापूर्वी मदतनीस लागते. सध्या आई आहे.'

सोबत पुनर्वसन वैद्यक विभागातल्या डॉक्टरांचं पत्र होतं. त्यात निदानापेक्षा याच कामांची पुष्टी होती: हे करू शकते, हे करू शकत नाही, म्हणून हे आवश्यक. असं पत्र डॉक्टर आपणहून देत नाहीत. यादी लिहून नेली आणि 'एवढ्याबद्दल लिहून द्या' असं सांगितलं की देतात.

एक गोष्ट मात्र पहिल्या अर्जाच्या वेळीच बिघडली होती. त्या अर्जाला जोडलेला रुग्णालयाचा पूर्ण सारांश वसतिगृहाच्या कार्यालयात चार टेबलांवर फिरला, आणि मूत्राशयाबद्दलची वाक्यं मेसच्या लेखनिकालाही ठाऊक झाली. म्हणून दुसऱ्या वेळी कागद दोन केले. कामांचं पत्र फायलीसोबत फिरणारं. वैद्यकीय कागद बंद लिफाफ्यात समान संधी कक्षाकडे, 'गरज भासल्यास पाहावा' असा शेरा मारून. तो लिफाफा शेवटपर्यंत कोणाला उघडावा लागला नाही.

बांधकाम, आणि त्यात काय चुकलं

काम निविदा न काढता दरपत्रकं मागवून होण्याएवढं लहान होतं. तरी बांधकाम विभागाची पहिली टिपणी 'निधी उपलब्ध नाही, पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी' अशीच आली. उत्तरात समन्वयकांनी स्वयंअध्ययन अहवालातलं ते पान जोडलं आणि एवढंच लिहिलं की अहवालात ही सुविधा वापरात असल्याचं नमूद आहे, ती वापरात आणण्यासाठी दुरुस्ती आवश्यक आहे. अंदाजपत्रकातलं खर्चाचं शीर्ष 'नवं बांधकाम' ऐवजी 'देखभाल-दुरुस्ती' झालं आणि पैसे निघाले. मागणी तीच राहिली, फक्त ती कोणत्या शीर्षाखाली मांडायची ते बदललं. कायद्याच्या कलमांनी जे चार आठवड्यांत झालं नाही ते एका शीर्षाने चार दिवसांत झालं, हे सांगताना वाईट वाटतं, पण तसंच घडलं.

रॅम्प पहिल्यांदा चुकला. दारापासून वाहनरस्त्यापर्यंत 3.6 मीटर जागा होती. ठेकेदाराने तेवढ्यात रॅम्प बसवला. 450 मिलिमीटर उंचीला 3.6 मीटर म्हणजे 1:8 चा चढ. त्यावर मीनलची खुर्ची मागे कलंडायला लागली, आणि वर घातलेला नक्षीदार लोखंडी पत्रा पावसात निसरडा झाला. 1:12 साठी 5.4 मीटर लागतात. जागा सरळ नव्हती तर वळवायला हवी होती. दुसऱ्या वेळी तसं केलं: 3 मीटर चढ, दीड मीटर लांब-रुंद सपाट थांबा, मग काटकोनात 2.4 मीटर चढ. पृष्ठभाग झाडूने ओरखडे काढलेला सिमेंटचा, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून चार इंची कठडा आणि हाताचे दांडे. पहिल्या रॅम्पचा लोखंडी सांगाडा आजही भांडारात पडून आहे. आखणीच्या आधी 450 गुणिले 12 हा गुणाकार कोणी केला असता तर तो बनलाच नसता.

स्वच्छतागृहाचं दार व्हरांड्याच्या बाजूने रुंद केलं तरी वळणाचा प्रश्न राहिला असता. म्हणून खोली आणि स्वच्छतागृह यांच्यामधल्या भिंतीतच नवं दार काढलं. ती भिंत भार पेलणारी नाही हे अभियंत्याने आधी तपासलं. जुनं दार आतून बंद केलं. यामुळे सामायिक स्वच्छतागृह मीनलचं एकटीचं झालं आणि रात्री व्हरांड्यात येण्याची गरजच संपली. मात्र जुनं दार बंद केल्यामुळे ते बाकी दिव्यांग विद्यार्थिनींना किंवा पाहुण्यांना बंद झालं. हा तोटा तेव्हा कोणी मोजला नाही.

कमोडशेजारचा आधारदांडा पहिल्याच आठवड्यात भिंतीतून निघाला. भिंत अर्ध्या विटेची, साडेचार इंची. दांडा प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये स्क्रूने बसवलेला. अंगाचं सगळं वजन त्यावर पडतं, टॉवेल टांगायचा तो दांडा नव्हे. नंतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावली, तेव्हा टिकला. मीनल त्या वेळी पडली नाही, एवढंच नशीब.

गरम पाण्याबद्दल सर्वांत उशिरा लक्ष गेलं. वसतिगृहाला सौर बंब होता आणि उन्हाच्या दिवसांत त्याचं पाणी सहज 60 अंशांपर्यंत जातं. संवेदना नसलेल्या पायावर असं पाणी पडलं तर चटका कळतच नाही, जखम नंतर दिसते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. फिजिओथेरपिस्टने पाहणीत हे दाखवून दिलं. मग थंड-गरम मिसळणारा नळ आणि लांब नळीचा हातशॉवर बसवला, आणि आधी हातावर पाणी घेऊन बघायची सवय लावली.

कॉटचे पाय आधी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून उंच केले होते. कॉटवरून सरकताना एक ठोकळा निसटला. शेवटी वसतिगृहाच्याच वेल्डरने चारही पायांना तीन-तीन इंचांचे पाइप जोडून दिले. वीस मिनिटांचं काम.

मदतनिसाचा प्रश्न

बांधकामापेक्षा वाद इथे जास्त झाला. रेक्टर मॅडमचा आक्षेप साधा होता: आई दुसऱ्या कॉटवर राहिली तर एका मुलीची जागा जाते, प्रतीक्षायादी मोठी आहे, आणि उद्या प्रत्येक पालक राहायला मागेल. चर्चेत एकाने खोलीतल्या दुसऱ्या मुलीने मदत करावी असं सुचवलं. समन्वयकांनी ते ठाम नाकारलं. शौच-आंघोळीची मदत हे मैत्रीवर टाकायचं काम नव्हे. मैत्रीण चार दिवस आनंदाने करते, परीक्षा आली की तिलाही नको होतं, आणि मीनलला तिच्यापुढे कायम ओशाळं राहावं लागतं.

पगारी मदतनीस सकाळ-संध्याकाळ येऊ शकली असती. पण रात्री अडचण आली तर काय, याला उत्तर नव्हतं, आणि घरच्यांना तो खर्च पेलणारा नव्हता. शेवटी आईला 'मदतनीस' म्हणून छायाचित्राचं ओळखपत्र दिलं. खोलीभाडं माफ, मेसचे पैसे तिने भरायचे, वसतिगृहाचे वेळेचे नियम तिलाही लागू. क्रीडासाहित्याची खोली मुळात वाटपात नव्हतीच, त्यामुळे कोणाची जागाही गेली नाही. आक्षेपाचं खरं उत्तर तत्त्वात सापडलं नाही, खोलीच्या निवडीत सापडलं.

आदेशात एक शब्द राहून गेला. त्यात 'आई' लिहिलं होतं. डिसेंबरमध्ये आईला गावी जावं लागलं आणि मावशी आली, तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराने तिला रात्री आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं: 'विद्यार्थिनीने लेखी कळवलेली महिला मदतनीस'.

निष्पत्ती

पहिल्या अर्जापासून मीनल कायमच्या खोलीत जाईपर्यंत 11 आठवडे गेले. त्यातले सात अतिथिगृहात. मध्ये मुलाखतींच्या पाहुण्यांसाठी तिला तीन दिवस खोली रिकामी करायला सांगण्यात आलं. समन्वयकांनी आदेशातली तारीख दाखवल्यावर ते मागे घेतलं गेलं. तक्रार निवारण समितीकडे जावं लागलं नाही. पण तक्रारीचा मसुदा तयार होता आणि तो तयार आहे हे कुलसचिव कार्यालयाला माहीत होतं.

दिंडी दरवाजाची पट्टी कापून बिजागरीवर बसवली. मेसमध्ये एका टेबलाचा टोकाचा बाक काढला. मेसच्या व्यवस्थापकाने आधी डबा खोलीवर पाठवायची तयारी दाखवली होती. मीनलने नको म्हटलं. जेवायला तिला सगळ्यांबरोबर बसायचं होतं.

पहिल्या सत्रात तिची उपस्थिती कमी भरली. विभागाने वसतिगृहाचा पत्रव्यवहार पाहून ती माफ केली. विभागातला पहिल्या मजल्यावरचा तास तळमजल्यावर हलवायला मात्र पूर्ण सत्र लागलं. तो वेगळ्या फायलीचा विषय.

वेगळं काय करता आलं असतं

अर्ज प्रवेशाच्या दिवशीच जायला हवा होता. वाटप यादी लागल्यावर प्रत्येक खोलीला एक नाव चिकटलेलं असतं आणि प्रत्येक बदल कोणाकडून तरी काढून घेतल्यासारखा वाटतो. प्रवेशाआधी एक दिवस येऊन जागा पाहता आली असती तर दोन महिने वाचले असते. सोबत टेप आणि स्वतःची खुर्ची आणावी. 'इथे एक खुर्चीवाली मुलगी राहून गेली आहे' या सांगण्यावर विसंबू नये, कारण तिची खुर्ची 22 इंचांची असू शकते.

विद्यापीठाच्या बाजूने पाहिलं तर प्रवेश विभागाने दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी त्याच आठवड्यात वसतिगृहाला आणि समान संधी कक्षाला पाठवली असती, तर वाटप संगणकाने करण्याआधी एक फोन करता आला असता. पैसे लागत नाहीत असा हा एकच बदल, आणि तोच अजून झालेला नाही.

मीनलने आयुक्तालयात लगेच जायला हवं होतं का, यावर समान संधी कक्षात दोन मतं राहिली. एका मताप्रमाणे 'निधी नाही' या पहिल्या टिपणीनंतर लगेच जायला हवं होतं. दुसऱ्या मताप्रमाणे तिथली सुनावणी होईपर्यंत सत्र संपलं असतं, आणि मधल्या काळात वसतिगृहातल्या प्रत्येकाने हात आखडते घेतले असते. निवारण समितीकडे मात्र त्याच दिवशी तक्रार नोंदवून ठेवायला हरकत नव्हती. कामकाजाचे 15 दिवस तक्रार दिल्यापासूनच मोजले जातात, मनात धरल्यापासून नाही.

आदेशातली सर्वांत महागात पडलेली चूक पुढच्या जूनमध्ये कळली. आदेश 'चालू शैक्षणिक वर्षासाठी' होता. उन्हाळी सुट्टीत वसतिगृह रिकामं करायला लावलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या वाटप यादीत मीनलचं नाव पहिल्या मजल्यावरच्या खोलीपुढे होतं. तिची खोली यादीत नव्हतीच. क्रीडा विभागाने सुट्टीत तिथे पुन्हा जाळ्या आणि चटया ठेवल्या होत्या. या वेळी प्रश्न नऊ दिवसांत सुटला, कारण आवक क्रमांक, मापं आणि जुना आदेश हाताशी होता. नव्या आदेशात 'अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत' असं लिहून घेतलं, आणि खोली क्रमांक वसतिगृहाच्या वाटपयोग्य खोल्यांच्या यादीत 'राखीव' म्हणून चढवला.